त्रिखंडीचे तीन खंड

भोकरदनच्या एका कॉलेजात, प्राणिशास्त्र विभागात, दैवशाला राधेश्याम सोनुने नावाची परिचर आहे. त्याच विभागाचे प्रमुख डॉ. नरहर मंठेकर. या दोघांचं पटत नाही असं म्हणणं म्हणजे विंचवाला थोडीफार नांगी असते असं म्हणण्यासारखं आहे. सतरा वर्षं ही दोन माणसं एकाच फळ्यासमोर आणि एकाच फॉर्मॅलिनच्या वासात वावरली. रोज सकाळी एकमेकांचं तोंड दिसलं की दोघांच्याही कपाळाला आठी पडायची, आणि ती पाच वाजता कुलूप लागेपर्यंत उतरायची नाही.

भांडण कशावरून? एका दगडावरून. आणि दगडही केवढा, तर अंगठ्याएवढा.

दैवशाला मूळची धावड्याची. तिचा नवरा राधेश्याम याच विभागात परिचर होता. जीपच्या अपघातात तो गेला आणि अनुकंपा तत्त्वावर तिला त्याच्या जागेवर घेतलं. तेव्हा ती सव्वीसची, दहावी पास, पदरात वर्षाची साधना. ऑफिसातले लोक तिच्या नावाऐवजी ‘अनुकंपावाली’ म्हणायचे, तेही तिला ऐकू जाईल असं. दैवशालाला जीभ होती आणि ती वापरायची लाज नव्हती. एका कारकुनाला तिनं सगळ्यांदेखत विचारलं, ‘तुमाला कोन्या तत्त्वावर घेतलं? तुमाला तर धड बेरीजबी येत न्हाई.’ त्यानंतर ते नाव बंद पडलं, पण कोणी तिच्याशी गोडही बोललं नाही.

त्या वेळी विभागाचे प्रमुख तातेराव सर होते. वावरात राबून शिकलेला, रांगडा माणूस. पहिल्याच आठवड्यात त्यांनी तिच्या हातात तो दगड दिला, एक मऊ टूथब्रश दिला आणि म्हणाले, ‘हळू घास. तुझ्या-माझ्यापेक्षा वयानं मोठी आहे ती.’

दगडात एक किडा उमटलेला होता. धड झुरळ नाही, धड गोम नाही. अंगावर आडव्या वळ्या, पुढं ढालीसारखं डोकं, दोन फुगीर डोळे.

‘काय हाय हे, सर?’

‘ट्रायलोबाइट. मराठीत त्रिखंडी. समुद्राच्या तळाशी राहायची. पन्नास कोटी वर्षांमागं हिचा सुकाळ होता आणि पंचवीस कोटी वर्षांमागं शेवटची मेली. आपल्याकडं सापडत नाही. आपला काळा दगड हिच्यापुढं कालचा. ही अंबाल्याच्या प्रयोगशाळा-साहित्याच्या दुकानातून मागवलीय.’

मग त्यांनी तिला नमुन्यांचं कपाट समजावून दिलं. तातेराव सरांचं सांगणं साधं असायचं. संघ म्हणजे गाव, वर्ग म्हणजे गल्ली, गण म्हणजे भावकी. संधिपाद नावाचं एक मोठं गाव आहे. ज्यांच्या पायांना सांधे आणि अंगावर कवच, ते सगळे या गावचे. खेकडा, झिंगा, विंचू, कोळी, गोम, झुरळ. त्रिखंडीही याच गावची, यात वाद नाही. पण तिचं घर कोणत्या गल्लीत, यावरून शास्त्रज्ञांची अजून जुंपलेली आहे. कोणी तिला विंचवाच्या बाजूला बसवतं, कोणी तिच्या मिशा दाखवून खेकड्या-झुरळांच्या बाजूला ओढतं.

‘वंशच बुडाला तिचा,’ सर म्हणाले. ‘विचारणार कोणाला? म्हणून आपण तिला कोणाच्या दारात ठेवायचं नाही. तिचा खण वेगळा.’

आणि मग त्यांनी ती गोष्ट सांगितली जिच्यापायी पुढं सगळं झालं. त्रिखंडी म्हणजे तीन खंडांची, पण खंड मोजायचे उभे. तिच्या पाठीवर डोक्याकडून शेपटीकडं दोन सऱ्या गेल्यात. सरी वावरात जाते तशीच, सरळ उभी. दोन सऱ्या म्हणजे तीन भाग, मधला एक आणि कडेचे दोन. ‘लोक काय करतात, डोकं, धड, शेपूट मोजतात. तेही तीनच भरतात, म्हणून फसतात. अरे, तसे तीन भाग तर झुरळालाही आहेत. मग झुरळाला का नाही म्हणत त्रिखंडी?’

दैवशालानं दगडावरून नख फिरवलं. सरी नखाला लागली. त्या दिवशी तिला पहिल्यांदा वाटलं की या खोलीत आपल्यालाही काहीतरी कळतं, आणि त्याचा तिला इतका आनंद झाला की घरी जाऊन तिनं कडेवरच्या साधनाला सगळं सांगितलं. पोर अंगठा चोखत ऐकत बसली.

पाच वर्षांनी तातेराव सर निवृत्त झाले आणि मंठेकर आले. धरणातल्या माशांच्या पोटात सापडणाऱ्या जंतांवर त्यांनी डॉक्टरेट केली होती. जंतांबद्दल विचाराल तर तासभर बोलतील. बाकी प्राणिसृष्टी त्यांनी गाइडमधून उरकली होती. पहिल्याच वर्षी संधिपादांच्या तासाला त्यांनी दगड उचलला आणि म्हणाले, ‘त्रि म्हणजे तीन. खंड म्हणजे तुकडे.’ आणि डाव्या तळहातावर उजव्या हातानं कोयता चालवल्यासारखं करत, ऊस तोडावा तसे तीन तुकडे पाडून दाखवले. ‘डोकं, धड, शेपूट.’

खंड हा शब्दच तसा फसवा. मराठी माणसाला खंड म्हटलं की आडवा वार दिसतो. चूक कोणाचीही व्हावी अशीच होती, पण ती कबूल करायला लागतं ते मंठेकरांकडं नव्हतं.

दैवशाला मागं बरण्या पुसत होती. तिच्या तोंडून निघून गेलं, ‘सर, ते उभे मोजतेत ना? तातेराव सर उभे सांगायचे.’

पोरं हसली. मंठेकरांचे कान लाल झाले. ते तिच्याकडं न बघता म्हणाले, ‘मावशी, तुम्ही तुमची बादली बघा.’

मावशी! मंठेकर तिच्यापेक्षा सात वर्षांनी मोठे. डोक्यावरचे केस तेव्हाच उडालेले. पण मावशी म्हटलं की माणूस एका क्षणात बादलीपाशी जातो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्या दिवसापासून अख्खं कॉलेज तिला मावशी म्हणायला लागलं.

मग युद्ध सुरू झालं. मंठेकरांनी त्रिखंडी तिच्या खणातून काढून झिंग्यांच्या बरणीशेजारी ठेवली. दैवशालानं दुसऱ्या दिवशी पुसता पुसता ती परत जागेवर नेली. त्यांनी पुन्हा हलवली, तिनं पुन्हा परत नेली. असं एक अख्खं सत्र चाललं. शेवटी मंठेकरांनी लेखी आदेश काढला: परिचराने नमुन्यांना हात लावू नये, कपाटास फक्त फडके लावावे. दैवशालानं आदेश तंतोतंत पाळला. पुढच्या प्रात्यक्षिकाला तिनं एकही नमुना काढून दिला नाही. मंठेकर स्वतः बरण्या काढायला गेले आणि जळवांची बरणी त्यांच्या पॅन्टवर सांडली. ती दारात उभी राहून बघत होती. ‘मला हात लावायची परवानगी न्हाई, सर,’ म्हणाली.

ती काही संत नव्हती. त्यांच्या तासाचे खडू ती ओले करून ठेवायची. ते तिचा रजेचा अर्ज आठ-आठ दिवस टेबलाच्या खणात दाबून ठेवायचे. साधनाला कावीळ झाली तेव्हाही त्यांनी अर्ज दाबला. ते तिनं कधीच माफ केलं नाही, आणि कशाला करावं?

पण हे सगळं वरवरचं. आतलं दुखणं वेगळं होतं. दरवर्षी नवी पोरं यायची, दरवर्षी मंठेकर तळहातावर ऊस तोडायचे, आणि साठ-सत्तर पोरं वहीत ‘डोकं, धड, शेपूट’ लिहून जायची. दैवशाला सिंकपाशी उभी. तिच्या ओठांवर आलेलं असायचं. ती बोलली की ‘मावशी, बादली.’ न बोलली की हातातली काच जास्तच घासली जायची. सतरा वर्षांत हजारभर पोरं चुकीचं शिकून गेली, आणि बरोबर काय ते ज्या एकाच माणसाला माहीत होतं त्याला तोंड उघडायची मुभा नव्हती.

म्हणून विभागातल्या प्रयोगशाळा सहायकाची जागा रिकामी झाली तेव्हा दैवशालाची झोप उडाली. पगार वाढणार होता, तो काय वाढायचा तेवढा वाढो. सहायक प्रात्यक्षिकाला पोरांसमोर उभा राहतो. नमुना हातात घेऊन दाखवतो, चिठ्ठ्या स्वतःच्या अक्षरात लिहितो. कपाटाची किल्ली आणि कपाट दोन्ही त्याचं. तिला ते बोलणं हवं होतं. दुसरं काही नाही.

सेवाज्येष्ठतेनं जागा तिचीच. पण संस्थेच्या सचिवांनी तोंडी परीक्षा लावली, कारण वाचनालयातला परिचर कल्याण त्यांच्या गावचा होता. समिती तिघांची: सचिव, विभागप्रमुख म्हणून मंठेकर, आणि संभाजीनगरहून येणाऱ्या बाहेरच्या तज्ज्ञ, डॉ. रजनी.

साधना आता जालन्याला दवाखान्यात नर्स होती. ती मुद्दाम रजा टाकून आली आणि आईला समोर बसवून म्हणाली, ‘आई, सचिवाचे मार्क कल्याणला जाणार. मंठेकरचेबी गेले तर तू संपली. त्यानं त्या दगडाचं विचारलं, तर त्याचंच उत्तर दे.’

‘चुकीचं हाय ते.’

‘असू दे ना! एक डाव दे. जागा भेटली की मंग सांगत बस पोरांना आयुष्यभर, उभे म्हन का तिरपे म्हन. सतरा वर्सं भांडून काय भेटलं तुला?’

दैवशाला चिडली, भाकरी करपवली, पोरीला नाही नाही ते बोलली. पण पोरीचं म्हणणं घशाखाली उतरलं होतं.

परीक्षा प्राचार्यांच्या खोलीत झाली. कल्याण आधी आत जाऊन आला होता आणि बाहेर बाकावर मोबाइल बघत बसला होता. डॉ. रजनी चष्मा नाकावर घसरलेल्या, कोणाशी न हसणाऱ्या बाई. त्यांनी दैवशालाला ‘सोनुने’ म्हटलं. बावीस वर्षांत कॉलेजात कोणी तिला आडनावानं हाक मारली नव्हती.

त्यांनी विचारलं, फॉर्मॅलिन किती टक्क्यांचं करतात? करताना खिडक्या का उघडतात? बरणीतलं द्रव पिवळं पडलं तर काय करायचं? दैवशालानं धडाधड उत्तरं दिली. विंचू आणि कोळी एका वर्गात का, हेही सांगितलं. रजनी लिहीत गेल्या. एकदा तर ‘छान’ म्हणाल्या. सचिव घड्याळ बघायला लागले.

तेव्हा मंठेकरांनी बॅगेतून रुमाल काढला आणि रुमालातून तो दगड. मुद्दाम आणला होता. टेबलावर ठेवून तिच्याकडं सरकवला.

‘हे सांगा, मावशी. याला त्रिखंडी का म्हणतात?’

त्यांना उत्तर नको होतं. त्यांना तिचं डोकं खाली गेलेलं बघायचं होतं, आणि ती किंमत घेऊन ते मार्क द्यायला तयारही असावेत. दैवशालाला हे त्यांच्या नजरेत लख्ख दिसलं. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तिला वाटलं तो दगड उचलून त्यांच्या टकलावर हाणावा. मग तिला ते कपाट दिसलं, किल्ली दिसली, समोर उभी पोरं दिसली.

‘डोकं, धड आन् शेपूट,’ ती म्हणाली. ‘तीन तुकडे. म्हनून त्रिखंडी.’

मंठेकर खुर्चीत मागं रेलले. सतरा वर्षांत त्यांचा चेहरा इतका निवलेला तिनं कधी पाहिला नव्हता.

रजनींचा पेन थांबला.

‘काय म्हणालात? परत सांगा.’

दैवशालानं परत सांगितलं. आवाज बारीक झाला होता.

‘साफ चूक,’ रजनी म्हणाल्या. ‘बावीस वर्षं तुम्ही हा नमुना पुसताय आणि तुम्हाला एवढंही माहीत नाही?’ मग त्या मंठेकरांकडं वळल्या. ‘सर, हे तुमच्या विभागात शिकवत नाहीत का?’

मंठेकरांच्या तोंडावरचा रंग उतरला, पण क्षणभरच. ‘शिकवतो ना, मॅडम! दरवर्षी वर्गात सांगतो. या तिथंच असतात. पण काय करणार, दहावी पास. डोक्यात शिरत नाही.’

दैवशालाला आधी कळलंच नाही की हे वाक्य आपल्याबद्दल आहे. कळलं तेव्हा तिनं दगड उचलला आणि मंठेकरांपुढं धरला.

‘मंग बराबर कोन्तं ते सांगा ना, सर. मी आत्ताच लिहून घेते.’

मंठेकरांनी दगड हातात घेतला. उलटा केला, सुलटा केला. त्यांचं बोट सवयीनं आडवं जायला निघालं आणि मध्येच थांबलं. त्यांना येतच नव्हतं. चूक आहे एवढंच त्यांनी आत्ता ऐकलं होतं, बरोबर काय हे अजून कोणी सांगितलं नव्हतं. सचिव खाकरले आणि म्हणाले, ‘चला, वेळ होऊन राह्यला.’

रजनींनी त्यांच्या हातातून दगड काढून घेतला आणि डोक्यापासून शेपटीपर्यंत दोन वेळा नख ओढलं. ‘उभे. हा मधला, हे दोन बाजूचे.’ मग त्यांनी चष्म्यावरून दैवशालाकडं पाहिलं. बाई हुशार होत्या. ‘सोनुने, तुम्हाला हे माहीत होतं.’

‘व्हतं, मॅडम.’

‘मग चूक का सांगितलंत?’

‘जागा पाहिजे व्हती,’ दैवशाला म्हणाली. ‘मला वाटलं, इथं सरांचं तेच बराबर.’

तिला वाटलं, आता ही बाई समजेल. बाईमाणूस आहे, शिकलेली आहे, मंठेकरांचं बिंग तिच्या डोळ्यांसमोर फुटलं आहे. रजनींनी पेन उचलला.

‘यांना येत नाही म्हणून हे चूक शिकवतात,’ मंठेकर समोर बसलेले असताना त्या म्हणाल्या. ‘तुम्ही येत असून चूक सांगितलंत. उद्या आणखी काही हवं झालं तर आणखी चूक सांगाल. तुमच्या हातात मी पोरं देणार नाही.’

जिच्या जिभेला कॉलेज घाबरायचं, ती बाई पदर सावरून बाहेर आली आणि कल्याणच्या शेजारी बाकावर बसली. तिला रजनीचा संताप आला. मंठेकरांचा आला, साधनाचा आला. सगळ्यांत जास्त स्वतःचा आला. सतरा वर्षं ताठ राहिली, आणि वाकली ती नेमकी त्याच बाईपुढं जिच्यापुढं ताठ राहिली असती तर जागा मिळाली असती.

जागा कल्याणला मिळाली.

जानेवारीत संधिपादांचं प्रात्यक्षिक आलं. कल्याण पांढरा कोट घालून ट्रे धरून उभा होता. दैवशाला सिंकपाशी काचेच्या पट्ट्या धूत होती. मंठेकरांनी दगड उचलला.

‘ही त्रिखंडी. नीट लक्ष द्या. पुष्कळांना वाटतं, तीन खंड म्हणजे डोकं, धड, शेपूट. साफ चूक!’ आणि त्यांनी दगडावरून दोनदा उभं नख ओढलं, अगदी रजनींसारखं. ‘उभे मोजायचे. हा मधला, हे दोन बाजूचे. या खोलीत बावीस वर्षं काढूनही काही जणांना हे सांगता आलं नाही. बाहेरच्या तज्ज्ञांपुढं कॉलेजची शोभा झाली.’

पोरांच्या माना सिंककडं वळल्या. कल्याणनं ट्रेकडं बघितलं.

या वाक्यापाशी दरवर्षी दैवशालाचं तोंड उघडायचं. आजही उघडलं. पण खोडून काढायला काही नव्हतंच. तो माणूस सतरा वर्षांत पहिल्यांदा बरोबर सांगत होता. साठ पोरं वहीत बरोबर लिहीत होती. तिनं तोंड मिटलं आणि नळ मोठा केला.

तास संपल्यावर पायल नावाची एक मुलगी हात धुवायला आली. गावाकडची, धीट पोर. ‘मावशी,’ तिनं हळूच विचारलं, ‘तुमाला खरंच म्हाईत नव्हतं?’

दैवशालानं तिच्याकडं बघितलं. माहीत होतं म्हणावं, तर पोरगी लगेच विचारणार, मग तुम्ही चूक का सांगितलं? आणि त्या प्रश्नाचं जे उत्तर तिनं रजनीबाईंना दिलं होतं, ते या पोरीला द्यायची तिला लाज वाटली.

‘न्हाई गं,’ ती म्हणाली. ‘मला काय कळतंय त्यातलं. सरांनी सांगितलं तेच बराबर हाय. उभेच मोज, आन् परीक्षेत तेच लिही.’